पित्ताशय खड्यांसाठी काढलं, रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला: दुसरी शस्त्रक्रिया कुणाला, कधी, किती?

सुरी_कात्री

पित्ताचे खडे म्हणून दुर्बिणीने पित्ताशय काढलं, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी गेला आणि आठदहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद हातात पडला: अ‍ॅडिनोकार्सिनोमा. पित्ताशयाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच अनपेक्षित सापडतो. बरं होण्याची शक्यता याच पेशंटमध्ये सगळ्यांत जास्त असते आणि घोळही याच गटात सगळ्यांत जास्त होतात. कुणी "सगळं निघालंय" म्हणत टाके काढून मोकळं होतं, तर कुणी घाबरून आठवड्याच्या आत पुन्हा पोट उघडतं. दोन्ही चूक.

आधी भिंतीची रचना, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आतड्याच्या भिंतीत आतलं आवरण आणि स्नायू यांच्यामध्ये सबम्यूकोसा नावाचा थर असतो. पित्ताशयात तो नाहीच. आवरणाखाली पातळ लॅमिना प्रोप्रिया, मग स्नायू, मग सैल संयोजी ऊतक. मोकळ्या बाजूला त्यावर सिरोसाची पातळ चादर असते, यकृताला चिकटलेल्या बाजूला तीही नसते. खड्यांसाठी पित्ताशय सोडवताना सर्जन जी पातळी धरतो, ती स्नायूबाहेरच्या याच सैल थरातून जाते. म्हणजे कॅन्सर त्या थरात उतरला असेल (टी२; टी म्हणजे कॅन्सर भिंतीत किती खोल शिरलाय त्याची पायरी), तर पहिल्या ऑपरेशनची कात्री ट्यूमरच्या कडेने किंवा चक्क ट्यूमरमधूनच गेलेली असू शकते. "सगळं निघालंय" हे वाक्य इथे टिकत नाही.

खोलीप्रमाणे निर्णय असा:

टी१ए, म्हणजे फक्त लॅमिना प्रोप्रियापर्यंत: पित्ताशय अखंड निघालं असेल आणि सिस्टिक डक्टची (पित्ताशयाच्या नळीची) कापलेली कड स्वच्छ असेल, तर झालेलं ऑपरेशन पुरेसं. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर.

टी१बी, म्हणजे स्नायूत: इथे मतं वेगळी आहेत, पण लसिका गाठींत (लिम्फ नोड; पुढे नुसतं गाठी) रोग सापडण्याचं प्रमाण दहात एकाच्या आसपास असल्याने तब्येत झेपणारी असेल तर दुसरं ऑपरेशन सुचवतात.

टी२ आणि टी३ (सिरोसा फोडून बाहेर किंवा शेजारच्या यकृतात शिरलेला): दूर पसरलेला नसेल, तर दुसरं ऑपरेशन करायचंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात दुसऱ्या ऑपरेशनमध्ये यकृतात उरलेला रोग टी२मध्ये सुमारे १० टक्के आणि टी३मध्ये ३६ टक्के पेशंटना सापडला. गाठींत तो टी२मध्ये ३१ आणि टी३मध्ये ४५ टक्के होता. सीटी स्वच्छ असलेल्यांतही हे निघतं.

---

पेठेतला

धागा वाचनखूण साठवली. एक शंका. बऱ्याच रिपोर्टांवर नुसतं "वेल डिफरन्शिएटेड अ‍ॅडिनोकार्सिनोमा, गॉलब्लॅडर" एवढी एकच ओळ असते. त्यावरून टी कसा काढायचा?

---

मायक्रोटोम

काढता येत नाही, म्हणून काढायचाही नाही. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) आणि स्लाइड मागवून हा कॅन्सर नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून परत वाचून घ्यायच्या. पेशंटला किंवा नातेवाइकाला ते मागण्याचा अधिकार आहे. लेखी अर्ज द्या आणि ब्लॉकचे नंबर रिपोर्टशी ताडून घ्या.

परत वाचताना या गोष्टी लिहून आल्या पाहिजेत: नेमका कोणता थर; टी२ असेल तर यकृताची बाजू की मोकळी बाजू; सिस्टिक डक्टच्या कडेला रोग आहे का; सिस्टिक गाठ (त्या नळीजवळची लसिका गाठ) नमुन्यात होती का आणि तिच्यात काय; रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या आणि नसांभोवती शिरकाव; ग्रेड (पेशी किती बिघडल्यात); प्रकार. पॅपिलरी प्रकाराचं भवितव्य बरं, अ‍ॅडिनोस्क्वेमस आणि न्यूरोएंडोक्राइनचं वाईट.

फसायच्या जागा दोन. पहिली रोकिटान्स्की-अ‍ॅशॉफ सायनस. जुन्या सुजेत आतलं आवरण स्नायूतून खाली खिशासारखं उतरतं. त्या खिशात डिसप्लेझिया (कॅन्सरआधीचा पेशींचा बिघाड) असेल तर तो "खोल शिरलेला कॅन्सर" वाटतो, आणि उलटही होतं. टी१ए आणि टी२ यांतला फरक कधी कधी एवढ्यावरच अवलंबून असतो. दुसरी जागा म्हणजे कमी तुकडे. खड्यांचं साधं पित्ताशय समजून तीन तुकडे घेतलेले असतात. कॅन्सर दिसला की डब्यात उरलेलं सगळं पित्ताशय तुकडे करून बघायला हवं. म्हणून रिपोर्ट आल्या आल्या लॅबला फोन करून "उरलेला नमुना टाकू नका" एवढं सांगितलं तरी खूप झालं.

अवांतर, पण सांगतोच. पित्ताशय न उघडता फॉर्मेलिनमध्ये टाकलं तर आतलं पित्त आवरणाला खाऊन टाकतं आणि स्लाइडवर काही धड दिसत नाही. ऑपरेशन थिएटरमध्येच मोकळ्या बाजूने उभं चिरायचं, पित्त धुवायचं, आत बोट फिरवून जाड किंवा खरखरीत जागा बघायची, मग नमुन्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवायचं. खडे डबीत घालून नातेवाइकांना द्यायचे आणि पित्ताशय तपासायला पाठवायचंच नाही, हा प्रकार अजून चालतो. तो बंद झाला पाहिजे.

---

रुग्णाचा_सोबती

"पित्ताशयाची भिंत बहुतेक सुजेमुळे जाड आहे" असं सोनोग्राफीवर लिहिलेलं असतं. आधीच ओळखता आलं असतं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो.

---

सीटीवाचक

कधी कधी. भिंत सगळीकडे सारखी जाड असेल तर बहुधा सूज. एकाच जागी जाड, कड वेडीवाकडी, यकृताशी असलेली चरबीची रेघ पुसलेली, गाठी मोठ्या, असं असेल तर दुर्बिणीने साधं पित्ताशय काढायच्या आधी तीन टप्प्यांचं सीटी करायला हवं. ३ सेंमीहून मोठा खडा आणि १० मिमीहून मोठा पॉलिप (आतल्या आवरणावरचा कोंब) ही ठरलेली धोक्याची चिन्हं. ६ ते ९ मिमीच्या पॉलिपसाठी २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना ६०च्या वरचं वय, पीएससी (पित्तनलिका आवळत नेणारा जुना आजार), आशियाई वंश आणि बैठा (देठाशिवायचा) पॉलिप या गोष्टी धोक्याच्या धरतात. म्हणजे आपण सगळे एका निकषात आधीच बसलेलो.

झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस हा जुन्या सुजेचा प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो. तो कॅन्सरसारखा दिसतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

आणि हे ठळक करा: काढता येण्याजोग्या संशयित पित्ताशयात सुई घालून तपासणी करायची नाही. सुईच्या वाटेने आणि पोटाच्या पडद्यावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) रोग सांडण्याचा धोका असतो. सुई कामाची ती ऑपरेशन शक्य नसताना, केमोआधी ऊतकाचा पुरावा लागतो तेव्हा.

---

पेठेतला

मग टी२ निघाला की लगेच तारीख घ्यायची ना? कॅन्सर आहे म्हटल्यावर थांबायचं कशाला?

---

सुरी_कात्री

२०१७ साली अमेरिकेतल्या १० केंद्रांच्या एकत्रित आकडेवारीत दुसरं ऑपरेशन पहिल्यापासून ४ ते ८ आठवड्यांत झालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट निदान एवढे जगले तो काळ) ४०.४ महिने होतं. ४ आठवड्यांच्या आत केलेल्यांत १७.४ आणि ८ आठवड्यांनंतर केलेल्यांत २२.४. हा मागे वळून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तेव्हा आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण कारणं पटण्यासारखी आहेत. पहिल्या तीनचार आठवड्यांत पित्ताशयाच्या जागी सूज आणि चिकटलेपण असतं. कॅन्सरचं कठीणपण आणि जखमेचं कठीणपण बोटाला वेगळं कळत नाही. शिवाय लपलेला रोग डोकं वर काढायला थोडा वेळ मिळतो. ज्याच्या पोटाच्या पडद्यावर रोग पसरलाय त्याचं यकृत कापून त्याला काही मिळत नाही.

त्या आठवड्यांत हातावर हात ठेवून बसायचं नाही. स्लाइड परत वाचून घ्यायच्या. छाती, पोट आणि ओटीपोट यांचं सीटी करायचं. रक्तात सीए १९-९ आणि सीईए (कॅन्सरच्या खुणा), बिलिरुबिन, अल्ब्युमिन. आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद मिळवायची, व्हिडिओ असेल तर तोही. नोंदीत चार गोष्टी शोधायच्या: पित्त सांडलं का, पित्ताशय पिशवीत घालून काढलं का, कोणत्या छिद्रातून काढलं, आणि पूर्ण काढलं की अर्धवट. सांडलेलं पित्त म्हणजे पोटाच्या पडद्यावर रोग परत येण्याचा वाढलेला धोका. अर्धवट काढलेल्या पित्ताशयात कॅन्सर निघाला तर उरलेला भाग हाच मोठा प्रश्न.

---

सीटीवाचक

पेट सीटीबद्दल (जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळवणारा स्कॅन) पुरवणी. ऑपरेशननंतर लवकर केलं तर पित्ताशयाची जागा आणि छिद्रांच्या जागा सुजेमुळेच उजळतात. त्या उजेडाला कॅन्सर म्हणू नका. लांबच्या जागा बघायला पेट उपयोगी.

सीए १९-९ काविळीत उगाच वाढतो, म्हणून बिलिरुबिन खाली आल्यावरचा आकडा धरायचा. काही लोकांच्या रक्तगटाची घडणच अशी असते की त्यांच्यात सीए १९-९ तयारच होत नाही. त्यांचा "नॉर्मल" आकडा कसलाच दिलासा नाही.

---

रुग्णाचा_सोबती

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काय काढतात? "यकृताचा तुकडा" ऐकलं की घरचे हबकतात.

---

सुरी_कात्री

क्रमाने सांगतो, कारण क्रमालाच अर्थ आहे. आधी बघायचं, मग कापायचं.

१. दुर्बिणीने पोट पाहणं. पडदा, यकृताचा पृष्ठभाग, जुनी छिद्रं, ओटीपोट. दिल्लीच्या जी. बी. पंत इस्पितळातून २०१३ साली आलेल्या ४०९ पेशंटच्या अभ्यासात, सीटीवर काढता येण्याजोगा वाटलेला प्राथमिक कॅन्सर दुर्बिणीत २३ टक्के लोकांत पसरलेला निघाला. या लोकांचं उघडं ऑपरेशन वाचलं. चुकून सापडलेल्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण कमी, पण टी३, हाय ग्रेड किंवा कडेला रोग असेल तर जरूर बघावं.

२. ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) उचलून महाधमनी आणि महाशीर यांच्यामधली गाठ (१६बी१) काढून फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून होणारी तपासणी). तिथे रोग असेल तर तो दूर पसरलेला धरतात आणि बहुतेक सर्जन तिथेच थांबतात.

३. सिस्टिक डक्टचं टोक फ्रोझनला. रोग असेल तरच पित्तनलिका कापून आतडं जोडायचं. नलिका सरसकट कापल्याने आयुष्य वाढत नाही, गुंतागुंत तेवढी वाढते.

४. गाठी. यकृताकडे जाणाऱ्या दांड्यातलं सगळं ऊतक सोलून काढायचं: धमनी, पोर्टल शीर (आतड्याकडून यकृताला रक्त नेणारी) आणि पित्तनलिका यांच्याभोवतीच्या १२ नंबरच्या, कॉमन हेपॅटिक धमनीजवळच्या ८ नंबरच्या, स्वादुपिंडाच्या डोक्यामागच्या १३ नंबरच्या. निदान ६ गाठी मोजल्या गेल्या पाहिजेत. दोनच गाठी तपासून "गाठी स्वच्छ" लिहिलेल्या रिपोर्टला काही किंमत नाही.

५. यकृत. पित्ताशयाच्या जागेभोवतीचा ४बी आणि ५ या क्रमांकांच्या भागांतला २ ते ३ सेंमी जाडीचा तुकडा. तेवढ्याने पुरतं, टी२मध्ये दोन्ही भाग आखून पूर्ण काढल्याने जास्त आयुष्य मिळतं असं दिसलेलं नाही. घरच्यांना सांगा: निरोगी यकृताचा हा छोटा हिस्सा आहे, उरलेलं सहज काम भागवतं. मोठं हेपॅटेक्टोमी (यकृताचा मोठा भाग काढणं) लागतं ते ट्यूमर मानेपाशी असून उजव्या दांड्यात शिरला असेल तेव्हा.

बिघडतं कुठे? तुकडा खोल जाताना मध्य यकृतशिरेच्या फांद्या आडव्या येतात. न बांधता खेचल्या तर रक्तस्राव. म्हणून दांड्याला पट्टी आधीच टाकून ठेवायची. रक्त थांबवायला ती १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची. उजवी यकृतधमनी बहुतेकांत पित्तनलिकेच्या मागून जाते. चिकटलेल्या ऊतकात तीच हातात येते. आणि नलिका अति सोलून नागवी केली तर तिचा रक्तपुरवठा जातो आणि काही महिन्यांनी ती आवळते.

---

हिरवा_पाट

+१. नंतरच्या दिवसांबद्दल: ड्रेनचं पाणी नुसतं रंगावरून ठरवू नका. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर ती पित्तगळती. पेशंट बरा असेल आणि ड्रेन नीट वाहत असेल तर पुष्कळदा वाट बघून भागतं. नाहीतर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करून स्टेंट, म्हणजे नलिकेत नळी. ताप आणि पोट फुगलेलं असेल तर न निघालेला साठा शोधायला सोनोग्राफी किंवा सीटी.

जुनी छिद्रं कापून काढायची का? पूर्वी सगळीकडे काढत. आता नेमाने काढत नाहीत, कारण त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही आणि हर्निया मागे लागतो. छिद्रात रोग असणं हे बहुधा पोटाच्या पडद्यावर रोग असल्याचं चिन्ह असतं.

---

मायक्रोटोम

सुरी_कात्री, टी२च्या बाजूबद्दल जरा विस्ताराने हवं होतं. एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत टी२ए (मोकळी बाजू) आणि टी२बी (यकृताची बाजू) असे दोन भाग उगाच केलेले नाहीत. २०१५च्या ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासावर ते उभे आहेत त्यात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण मोकळ्या बाजूला ६४.७ टक्के आणि यकृताच्या बाजूला ४२.६ टक्के होतं. एवढा फरक असेल तर टी२एमध्ये यकृत कापायची गरजच काय? गाठी काढा आणि थांबा, असं म्हणणारे आहेत.

---

सुरी_कात्री

आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. माझं मत वेगळं, कारण बाजू ठरवणं कागदावर सोपं आणि टेबलावर अवघड. पित्ताशय चिरून, सपाट करून, शाई न लावता पाठवलं की यकृताची बाजू कोणती हे नंतर कुणी सांगू शकत नाही. फंडसवरचा (पित्ताशयाच्या टोकावरचा) ट्यूमर दोन्हींकडे लागतो. बाजूची नोंद खात्रीची असेल आणि पेशंटचं यकृत किंवा हृदय कमकुवत असेल, तर टी२एमध्ये फक्त गाठींवर थांबायला माझी हरकत नाही. नाहीतर तुकडा घ्यावा. गाठी मात्र दोन्हींत काढायच्याच, त्यात तडजोड नाही.

---

मायक्रोटोम

शाईचा मुद्दा मान्य. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांनी यकृताच्या बाजूला शाई लावूनच तुकडे घ्यावेत.

---

रुग्णाचा_सोबती

कावीळ आधीपासून असेल तर?

---

हिरवा_पाट

तर बोलणं बदलतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग केंद्राच्या २००४च्या आकडेवारीत काविळीच्या ८२ पेशंटपैकी फक्त ६ जणांत बरं करण्याच्या उद्देशाने रोग काढता आला, आणि दोन वर्षांनी काविळीच्या गटात रोगमुक्त कुणीच नव्हतं. जपानी आणि भारतीय केंद्रं निवडक पेशंटमध्ये मोठं ऑपरेशन करतात आणि काहींना फायदा होतोही, पण "कावीळ उतरली की ऑपरेशन" असं सरळ गणित नाही. आधी हे बघा की नलिका ट्यूमरने व्यापलीय, गाठींनी दाबलीय, की साधा खडा उतरलाय. तिसरं कारण निघालं तर चित्रच वेगळं.

एक चूक वारंवार दिसते: सीटीआधीच घाईने स्टेंट टाकतात. स्टेंटमुळे नलिकेची भिंत जाड होते आणि रोग कुठवर गेलाय ते नीट वाचता येत नाही. पेशंटला कोलॅन्जायटिस (पित्तनलिकेतला संसर्ग) नसेल तर आधी सीटी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचं एमआरआय), मग पित्ताचा निचरा. मोठं हेपॅटेक्टोमी ठरलं तर उरणाऱ्या बाजूचा निचरा करायचा आणि लागलं तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर बंद करून उरणारी बाजू वाढवायची.

---

केमोकट्टा

ऑपरेशननंतरच्या औषधांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

आजचा पाया बिलकॅप चाचणी, २०१९. पित्तमार्गाच्या कॅन्सरचे ४४७ पेशंट, ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन किंवा नुसती देखरेख. मध्यक आयुष्य ५१.१ विरुद्ध ३६.४ महिने. फरक घसघशीत दिसतो, पण सगळे पेशंट धरून केलेल्या मुख्य विश्लेषणात तो सांख्यिकीच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पित्ताशयाचे पेशंट त्यात पाचात एकही भरत नव्हते. तरी टी२ आणि त्यापुढे, विशेषतः गाठी बाधित असतील तर, औषध देतात.

मात्रा: शरीराच्या दर चौरस मीटरला १२५० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, अशा ८ फेऱ्या. आपल्याकडे पुष्कळ जण १००० पासून सुरू करतात. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत. तळहात-तळपाय लाल होऊन सोलणं आणि जुलाब हे दोन मुख्य त्रास. दिवसात नेहमीपेक्षा चार जास्त जुलाब झाले की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. "पाकीट संपवून टाकू" असं करायचं नाही. डीपीवायडी जनुकाची (शरीरात या औषधाची विल्हेवाट लावणाऱ्या) तपासणी आधी करून घ्यावी. ज्यांच्यात तो दोष असतो त्यांना नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते.

रोग पसरलेला असेल तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. २०१०च्या एबीसी-०२ चाचणीत मध्यक आयुष्य ११.७ महिने, एकट्या जेमसिटाबिनला ८.१. त्यात ड्युर्व्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधं) घातल्याने वाढ होते, पण मध्यक आकड्यात ती महिना-दोन महिन्यांचीच, आणि खर्च प्रचंड. हेर-२ ची (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रथिन) तपासणी मात्र नक्की करा. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये ते इतर पित्तमार्गांपेक्षा जास्त वेळा पॉझिटिव्ह निघतं आणि त्यावर औषधं आहेत.

---

पेठेतला

हा आजार उत्तरेतला, महाराष्ट्रात क्वचित, असं ऐकून होतो. मोहरीच्या तेलामुळे म्हणे?

---

सीटीवाचक

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि आसाममध्ये प्रमाण खूप जास्त, स्त्रियांत अधिक. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत कमी. जगात चिलीमध्येही जास्त. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रांगेत म्हणूनच या आजाराचे इतके पेशंट भोजपुरी आणि मैथिली बोलतात. तेलावर बोट ठेवून मोकळं होऊ नका. खडे, जुना संसर्ग, पाण्यातलं आर्सेनिक, तेलातली भेसळ अशा अनेक गोष्टी तपासल्या गेल्या आहेत. टाटाच्याच गटाने २०१७ साली एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या भागात धोका वाढवणारे फरक दाखवले. एबीसीबी४ पित्तात फॉस्फोलिपिड सोडण्याचं काम करतं.

---

रुग्णाचा_सोबती

सगळं झाल्यावर तपासण्या किती काळ?

---

केमोकट्टा

पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, मग पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी. रोग परतायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच, आणि बहुधा लांब: यकृत, पोटाचा पडदा, दूरच्या गाठी. म्हणून फक्त ऑपरेशनच्या जागेची सोनोग्राफी करून समाधान मानू नका. बेंबीच्या किंवा दुसऱ्या जुन्या छिद्राजवळ गाठ लागली, पोट फुगू लागलं, खाज सुटून लघवी गडद झाली, तर तारखेची वाट न बघता जायचं.

---

मायक्रोटोम

आणि ब्लॉक परत आले की घरी कपाटात ठेवा, पण उन्हात किंवा गॅसशेजारी नको, मेण वितळतं. दोन वर्षांनी हेर-२ बघायची वेळ आली तर तेच लागतात.